गड्ड्यात रेंज फुल, पण मेसेज जाईना: शॅननची मर्यादा म्हणतात ती हीच का?

बाळीवेसकर | रवि, रात्री १०:१५

मंडळी, दर जानेवारीत पडणारा प्रश्न आहे, यंदा रीतसर धागा काढतो.

आपल्या सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, त्यातही होम मैदानावर शोभेच्या दारूकामाच्या रात्री, मोबाइलवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात. आणि तरी "कुठं थांबलास?" एवढा मेसेज जागचा हलत नाही. शेजारी घड्याळाचं चिन्ह चिकटून बसतं. फोन लागत नाही, लागला तर तुटतो.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, "काका, ही शॅननची मर्यादा. निसर्गाचा नियम आहे, कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही." मला हे पटत नाही. निसर्गाचा नियम असेल तर तो नेमका जत्रेतच का जागा होतो? त्याच मैदानावर एरवी संध्याकाळी व्हिडिओ झकास चालतो. माझं म्हणणं, कंपन्या टॉवर वाढवत नाहीत आणि पोरं त्याला गणिताचा मुलामा देतात.

जाणकारांनी सांगावं. मी कॉमर्सचा आहे, तेव्हा बेताने.

शेंगाचटणी | रवि, रात्री १०:२२

इथे पॉपकॉर्न चालत नाही, भाजलेल्या शेंगा घेऊन बसलोय. होऊ द्या.

लॉगबेसदोन | रवि, रात्री ११:०५

पुतण्या निम्मा बरोबर आहे, तुम्हीही निम्मे.

क्लॉड शॅनन बेल लॅब्जमध्ये होता. १९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा निबंध बेल सिस्टिमच्या टेक्निकल जर्नलमध्ये दोन हप्त्यांत आला. तोवर समजूत अशी, की गोंगाटातून बिनचूक निरोप पाठवायचा तर वेग कमी कमी करत न्यावा लागणार. चुका शून्यावर आणायच्या तर वेगही शून्यावर. शॅननने दाखवलं की तसं नाही. प्रत्येक चॅनेलची, म्हणजे निरोप जाण्याच्या वाटेची, एक ठरलेली क्षमता असते. तिच्या खाली कुठल्याही वेगाने पाठवा, चुका हव्या तेवढ्या कमी करता येतात. तिच्या वर गेलात की कितीही डोकं लढवा, जमणार नाही.

सूत्र एका ओळीचं: क्षमता = बँडविड्थ × लॉग (१ + सिग्नल ÷ नॉइज), लॉग दोनच्या पायाने. बँडविड्थ म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याची रुंदी, नॉइज म्हणजे गोंगाट. माझा आयडी त्यावरूनच घेतलाय.

आता आकडे बघा. २० मेगाहर्ट्झचा पट्टा घेऊ, फोर-जीत असतो तसा. सिग्नल नॉइजच्या १०० पट असेल तर सेकंदाला १३३ मेगाबिट. पॉवर दुप्पट केली तर किती? १५३. वीज दुप्पट आणि फायदा जेमतेम १५ टक्के. उलट पॉवर तेवढीच ठेवून पट्टा दुप्पट केला तर २२७. स्पेक्ट्रमच्या लिलावात कंपन्या पैसा का ओततात ते इथे कळतं. पण तिथेही शेवट आहे. पट्टा वाढवत अनंतापर्यंत नेला तरी तेवढ्या पॉवरमध्ये २,८८५ मेगाबिटच्या पुढे जाता येत नाही, कारण पट्टा रुंद केला की नॉइजही तेवढाच आत शिरतो.

आता तुमच्या प्रश्नाची मेख. हे सूत्र एका टॉवरचं आणि एका फोनचं आहे. गड्ड्यात एक फोन कुठे असतो?

मागवाला | सोम, सकाळी ७:४०

सर, मी पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये जन्म काढलाय. माग चालू असताना बोलायचं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. ओरडून काही होत नाही, घसा तेवढा बसतो. धोटा अडकला आणि जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलवायचं तर त्याच्याकडे तोंड करून तोच शब्द दोनदा-तीनदा, तोडून तोडून म्हणायचा. तुमचा शॅनन हेच म्हणतो का? हळू बोला, परत परत बोला?

लॉगबेसदोन | सोम, सकाळी ९:१०

मालक, परत परत बोलणं चालतं, पण तो सगळ्यात महागडा मार्ग. तीनदा म्हटलं की वेग एक तृतीयांश झाला, आणि चूक तरीही शून्य नाहीच. शॅनन म्हणतो की एकेक शब्द तीनदा म्हणण्यापेक्षा लांबलचक निरोपाचा मिळून एकच कोड करा. शब्दच असे निवडा की मधले काही ऐकू आले नाहीत तरी एका निरोपाची दुसऱ्याशी गल्लत होऊ नये. असा कोड असतोच, हे त्याने सिद्ध केलं. कोणता, ते सांगितलं नाही! तो शोधण्यात पुढच्यांची ४५ वर्षं गेली.

अनघा_जुळे_सोलापूर | सोम, दुपारी १:३०

मागवाला काकांचा दाखला फर्मास आहे, पण गड्ड्याला लागू करताना त्यात एक फरक करायला हवा. शेडमधला आवाज मागांचा. मागाला कुणाला काही सांगायचं नसतं, तो नुसता नॉइज. गड्ड्यात गोंगाट करणारे आपणच. माझा सिग्नल हा तुमच्यासाठी व्यत्यय आणि तुमचा माझ्यासाठी. म्हणजे समजा, शेडमधले माग बंद केले आणि पाचशे कामगार एकाच वेळी पाचशे जॉबरांशी बोलायला लागले.

आता सूत्रात नॉइजच्या जागी व्यत्यय घाला. मैदानात अशा जागा असतात जिथे दोन टॉवर सारख्याच जोराने ऐकू येतात. एक तुमच्याशी बोलतोय, दुसरा त्याच फ्रिक्वेन्सीवर आणखी कुणाशी. भागाकार आला १. दोनचा लॉग १. म्हणजे २० मेगाहर्ट्झमध्ये सगळे मिळून २० मेगाबिट. त्या टॉवरवर हजार फोन धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला २० किलोबिट.

आणि गंमत पुढेच आहे. दोन्ही टॉवरनी पॉवर दुप्पट केली तर वरचाही आकडा दुप्पट, खालचाही दुप्पट, भागाकार पुन्हा १. वेग तसूभर वाढत नाही. दांड्या मात्र वाढतात! बाळीवेसकर, तुमच्या "रेंज फुल"चं एक उत्तर हे.

कडकभाकरी | सोम, दुपारी १:४२

म्हणजे दांड्या नुसत्या शोभेला. दारूकामासारख्याच.

सिग्नलवाला | सोम, रात्री ९:२०

याच धंद्यात आहे. कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी टिकवायची आहे.

अनघाताईंनी टॉवरकडून फोनकडे येणारी बाजू सांगितली. गड्ड्यात खरा गळा आवळतो तो उलट्या बाजूला. दांड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवर तुम्हाला किती जोरात ऐकू येतोय. तुम्ही टॉवरला ऐकू येता का, ते सांगत नाहीत. फोर-जीचा टॉवर २० मेगाहर्ट्झवर साधारण ४० वॅट सोडतो. तुमचा फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅट. दोनशेपट फरक. त्यात दारूकामाच्या रात्री निम्मं मैदान हात वर करून व्हिडिओ घेतं आणि तिथल्या तिथे चढवायला बघतं.

आता मेसेज का अडकतो ते. खिशात निवांत पडलेल्या फोनला काही पाठवायचं झालं तर आधी टॉवरकडे "मला बोलायचंय" अशी विनंती करावी लागते. त्यासाठी एका सेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या हद्दीच्या एका तुकड्यात, ६४ ठरलेले इशारे असतात, त्यांना प्रीॲम्बल म्हणतात. त्यातलेही काही राखीव. फोन डोळे मिटून एक निवडतो. दोन फोननी त्याच क्षणी तोच निवडला की धडक. दोघेही थोडं थांबून परत प्रयत्न करतात. दारूकामाचा शेवटचा बार उडाला की हजारो लोक एकाच मिनिटात "चला, निघू या, कुठंय?" करतात. मग धडकांवर धडका. परत प्रयत्न करणारे जुने आणि नवीन येणारे, दोघांची मिळून गर्दी होते. तुमचा मेसेज अजून निघालेलाच नसतो, तो नुसती परवानगी मागत उभा असतो.

याचं गणित मोबाइलपेक्षा जुनं आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी बेटं रेडिओने जोडणारं अलोहा नेटवर्क चालू केलं. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलायचं, धडक झाली तर परत बोलायचं. हिशोब केला तर वेळेच्या १८ टक्क्यांपेक्षा जास्त कामी येत नाही. बोलायची सुरुवात ठरावीक ठोक्यालाच करायची, एवढी शिस्त लावली तर ३७. गर्दी त्याच्या वर गेली की काम वाढत नाही, उलट घसरतं. बाळीवेसकर काका, निसर्गाचा नियम जत्रेतच का जागा होतो विचारत होतात ना? एरवी आपण त्या कड्याच्या जवळपासही नसतो.

सुनंदा_रेल्वेलाइन्स | सोम, रात्री ९:४८

गेल्या यात्रेत आमचे "हे" मैदानात हरवले. मेसेज घरी परतल्यावर आला, "मी उसाच्या रसवाल्यापाशी आहे." तोवर रस पिऊन, पाळण्यात बसून ते स्वतःच घरी आले होते. बाराबंदी घातल्यावर सगळे सारखेच दिसतात हो, गर्दीत शोधायचं कुणाला?

विजापूरवेस | सोम, रात्री १०:१०

का बे, मग टॉवर पाहिजेच कशाला? मैदानात हजारो फोन खेटून उभे हायत. माझ्या फोननं शेजारच्याला द्यावं, त्यानं पुढच्याला. जितके जास्त लोक तितकं जास्त नेटवर्क. कंपनीचा एक रुपया नको. लै सोपं हाय की.

अनघा_जुळे_सोलापूर | सोम, रात्री ११:३५

विजापूरवेस, हा प्रश्न विचारूनच एक अख्खं संशोधन उभं राहिलंय, त्यामुळे चेष्टेवारी नेत नाही.

पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली हेच तपासलं. कुमार आयआयटी मद्रासचे, तेव्हा इलिनॉय विद्यापीठात होते. टॉवर नाही, तार नाही, फोन एकमेकांचे निरोप पुढे ढकलतात. प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल? फोन वाढले की दोन गोष्टी एकदम होतात. शेजारी जवळ येतो, त्यामुळे हळू बोललं तरी चालतं आणि मैदानात एकाच वेळी अनेक जोड्या बोलू शकतात. हे चांगलं. पण निरोप लांबच्याला असेल तर उड्या वाढतात आणि प्रत्येक फोनचा बराचसा वेळ दुसऱ्यांची हमाली करण्यात जातो. वजाबाकी केली की प्रत्येकाचा वाटा आक्रसतो: एक भागिले (फोनांची संख्या × तिचा लॉग) याचं वर्गमूळ. १०० फोनांचे १०,००० झाले की प्रत्येकाला मिळणारा वेग साधारण चौदाव्या हिश्शावर येतो. म्हणजे "जितके जास्त लोक तितकं जास्त नेटवर्क" हे एकूण मापात खरं, माणशी मापात खोटं.

पण २००२ मध्ये ग्रॉसग्लॉसर आणि डेव्हिड त्से यांनी यात पाचर मारली. गुप्ता-कुमारांचे फोन जागेवर उभे होते. लोक फिरत असतील तर? मी निरोप जवळून जाणाऱ्या कुणालाही द्यायचा. तो फिरत फिरत कधीतरी तुमच्या शेजारी येईल तेव्हा तुम्हाला देईल. दोनच उड्या. या हिशोबात लोक कितीही वाढले तरी माणशी वाटा कमी होत नाही. फक्त निरोप कधी पोचेल ते विचारायचं नाही.

कडकभाकरी | सोम, रात्री ११:४१

म्हणजे निरोप जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती धाडायचा! आमची आज्जी अक्कलकोटच्या एसटीच्या कंडक्टरकडे डबा आणि चिठ्ठी द्यायची. दोनच उड्या. तिचा पेपर कुठे छापून आला नाही.

विजापूरवेस | सोम, रात्री ११:४५

@कडकभाकरी मेलो 😂 पण अनघाताई, मग वर्गमूळ हे शेवटचं उत्तर का? उभ्या लोकांसाठी?

अनघा_जुळे_सोलापूर | मंगळ, सकाळी ८:०५

तिथेच तर भांडण आहे. गुप्ता-कुमारांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: दुसऱ्याचा आवाज म्हणजे निव्वळ गोंगाट. तसंच का धरायचं? २००७ मध्ये ओझ्गुर, लेवेक आणि त्से यांनी दाखवलं की फोनांनी टोळ्या करून एकाच मोठ्या अँटेनासारखं मिळून पाठवलं, टोळीच्या आत पुन्हा छोट्या टोळ्या केल्या, तर एकूण क्षमता जवळजवळ फोनांच्या संख्येच्या प्रमाणात वाढू शकते. मग २००९ मध्ये फ्रान्चेस्केटी, मिग्लिओरे आणि मिनेरो म्हणाले, थांबा, विद्युतचुंबकीय लहरींचे मॅक्सवेलचे नियम विसरलात. ठरावीक आकाराच्या मैदानातून ठरावीक तरंगलांबीच्या लहरी मोजक्याच वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, त्यामुळे गाडी पुन्हा वर्गमुळापाशीच येते. पुढच्यांनी जुळवून सांगितलं की मैदान तरंगलांबीच्या मानाने किती मोठं आणि त्यात फोन किती, यावर कोणाचं खरं ते ठरतं.

मला यात आवडतं ते हे, की "मर्यादा" सिद्ध झाली म्हणताना तिच्याआधी काय गृहीत धरलंय ते वाचावं लागतं.

सातरस्ता | मंगळ, सकाळी १०:३०

सगळं वाचलं. विद्वत्तेला दंडवत. पण माफ करा, हे सगळं गावाबाहेरून चाललंय.

आमच्या गल्लीतला टॉवर. संध्याकाळी सात ते दहा तिथे व्हिडिओ चालत नाही. जत्रा नाही, गर्दी नाही. सहा महिने तक्रारी केल्या तेव्हा कळलं की टॉवरला फायबर आलेलीच नाही, मागच्या बाजूने एका जुन्या मायक्रोवेव्ह लिंकवर लटकलाय. हवेतून कितीही मेगाबिट येऊ द्या, मागची नळीच अरुंद. इथे शॅनन काय करणार? बऱ्याच ठिकाणी आपण कुठल्याच मर्यादेच्या जवळ नसतो. खर्च वाचवण्याच्या मर्यादेजवळ असतो. आणि मग कस्टमर केअरवाला "टेक्निकल लिमिटेशन" म्हणून फोन ठेवतो.

बाळीवेसकर | मंगळ, सकाळी १०:४४

+१. कधीपासून हेच म्हणतोय.

सिग्नलवाला | मंगळ, दुपारी २:१५

सातरस्ता, मागच्या नळीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. संध्याकाळी रोज ठरल्या वेळी मंदावतं आणि टॉवरखाली उभं राहूनही सुधारत नाही, तर संशय तिकडेच घ्यायचा. पण गड्ड्याला ते लावू नका. होम मैदान शहराच्या मध्यात आहे, फायबरची तिथे अडचण नाही. तिथे हवाच अपुरी पडते.

(प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे) | मंगळ, दुपारी ३:०२

संपादक: कुठली कंपनी कुणाची आणि लिलावात काय झालं, याचा धागा वेगळा काढावा.

पेठेतला | मंगळ, सायं. ६:२०

लॉगबेसदोन सर, ते ४५ वर्षांचं अर्धवट सोडलंत. कोड सापडला का शेवटी?

लॉगबेसदोन | मंगळ, रात्री ९:५०

सापडला, आणि एक नाही, तीन.

१९९३ मध्ये जिनिव्हाच्या एका परिषदेत फ्रान्सच्या बेरू आणि ग्लावियू यांनी टर्बो कोड मांडले. शॅननच्या मर्यादेपासून ०.७ डेसिबलवर (डेसिबल म्हणजे सिग्नल नॉइजच्या किती पट, ते लॉगमध्ये सांगायचं माप). तोवर लोक दोन-तीन डेसिबल लांब राहण्याला सरावले होते, त्यामुळे आधी कुणाचा विश्वास बसेना. इतरांनी करून पाहिलं आणि आकडे तसेच आले. थ्री-जी आणि फोर-जी यावरच चालले.

मग कुणाला तरी आठवलं की एमआयटीच्या रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० मध्येच डॉक्टरेटच्या प्रबंधात असा एक कोड लिहून ठेवलाय, एलडीपीसी नावाचा. त्या काळच्या संगणकांना तो पेलवला नाही म्हणून तीसेक वर्षं धूळ खात पडला. आज फाइव्ह-जीत तुमचा व्हिडिओ त्याच कोडातून येतो. तिसरा पोलर कोड, तुर्कस्तानच्या एर्दाल अरिकान यांचा, २००९ सालचा. काही जातीच्या चॅनेलवर तो शॅननची क्षमता गाठतो, हे कागदावर सिद्ध करता येतं. फाइव्ह-जीचे कंट्रोलचे निरोप त्यातून जातात. अरिकान हे गॅलगरांचेच विद्यार्थी.

म्हणजे एका टॉवर-एका फोनचा किल्ला जवळपास सर झाला. पण दोन टॉवर आणि दोन फोन, एकमेकांना त्रास देणारे, एवढ्याचंही संपूर्ण गणित आजतागायत सुटलेलं नाही. अर्धीमुर्धी उत्तरं मात्र चक्रावून टाकणारी आहेत. १९७५ मध्ये कार्लेयाल यांनी दाखवलं की व्यत्यय फार मोठा असेल तर तो मुळीच त्रास देत नाही! दुसऱ्याचा आवाज इतका स्वच्छ ऐकू येतो की आधी तोच पूर्ण समजून घ्यायचा, एकूण आवाजातून वजा करायचा, मग आपलं ऐकायचं. खरा त्रास मधल्या व्यत्ययाचा: समजून घ्यायला कमी आणि दुर्लक्ष करायला जास्त. त्या मधल्या पट्ट्यात २००८ मध्ये एटकिन, त्से आणि वांग अचूक उत्तराच्या एक बिट अलीकडे पोचले. त्याच साली कदंबे आणि जाफर यांनी सांगितलं की जोड्या कितीही असोत, त्रास देणारे सगळे आवाज एका कोपऱ्यात रचून ठेवता आले तर सिग्नल जोरदार असताना प्रत्येकाला निम्मी जागा मिळू शकते. हे कागदावर. त्यासाठी प्रत्येकाला सगळ्या चॅनेलची क्षणाक्षणाची माहिती हवी, आणि मैदानात ती गोळा करताकरताच दारूकाम संपेल.

पुणेरी_सोलापूरकर | मंगळ, रात्री १०:१२

अँटेनांचा विषय कुणीच काढला नाही? थॉमस कैलाथ आमच्या पुण्यात जन्मले, इंजिनिअरिंग तिथल्याच सीओईपी कॉलेजला, तिथून एमआयटी आणि मग स्टॅनफर्ड. आपल्या नौदलात सोनार उभं करणारे आरोग्यस्वामी पॉलराज नंतर स्टॅनफर्डला त्यांच्याकडे गेले आणि दोघांनी मिळून अनेक अँटेनांच्या तंत्राचं, म्हणजे मायमोचं, पेटंट घेतलं. १९९४ मध्ये मंजूर झालं. पॉलराजना २०१४ चा मार्कोनी पुरस्कार मिळाला.

शेंगाचटणी | मंगळ, रात्री १०:१४

आलेच का पुणे मध्ये!

लॉगबेसदोन | मंगळ, रात्री १०:४०

येऊ द्या, मुद्दा कामाचा आहे. टॉवरला चार अँटेना, फोनला चार अँटेना, आणि मधल्या भिंतींवरून लहरी वेड्यावाकड्या उसळत असतील तर त्याच पट्ट्यात चार वेगळे प्रवाह जाऊ शकतात. एमरे तेलातार आणि जेरार्ड फोशिनी यांनी १९९५-९६ च्या सुमारास हे गणित मांडलं. पॉवर वाढवून जे लॉगच्या चिमट्यात अडकतं ते इथे सरळ पटीत वाढतं. त्यामुळे नवी पेठेच्या गल्ल्यांत जे जमतं ते मोकळ्या मैदानावर एकट्या फोनला तितकं जमत नाही, उसळायला भिंती नाहीत. मैदानावर उपाय वेगळा: टॉवरवरच ६४ अँटेना लावून वेगवेगळ्या दिशांच्या लोकांकडे एकाच वेळी वेगवेगळे झोत टाकायचे. फाइव्ह-जीच्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हेच चालतं.

उन्हाळी | बुध, सकाळी ११:२५

अवांतर: मे महिन्यात दुपारी आमच्याकडे नेट रडतं. उष्णतेनं नॉइज वाढतो असं शाळेत शिकलोय. सोलापूरच्या उन्हाला शॅनन पुरतो का?

अनघा_जुळे_सोलापूर | बुध, दुपारी १२:५०

उन्हाळी, भारी प्रश्न. वाढतो, पण केल्विनमध्ये मोजा. हिवाळी पहाटेचे १५ अंश म्हणजे २८८ केल्विन, मे मधले ४५ म्हणजे ३१८. वाढ १० टक्के, डेसिबलमध्ये ०.४३. लॉगबेसदोन सरांच्या उदाहरणात १३३ चे १३० मेगाबिट होतील. तीन मेगाबिटांनी कुणी रडत नाही. फोन हातात भाजायला लागला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि लाइट गेली की टॉवर बॅटरीवर येतो, तिकडे बघा.

सुनंदा_रेल्वेलाइन्स | बुध, दुपारी १:१५

मला एक सांगा. अक्षता सोहळ्याला गर्दीत पुढे जाता येत नाही म्हणून मागचे हजारो लोक मोबाइलवर लाइव्ह बघतात. सगळे तेच बघतात! मग ते एकदाच का सोडत नाहीत, रेडिओसारखं?

लॉगबेसदोन | बुध, दुपारी २:३०

ताई, धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न. टॉवर आज प्रत्येकाला तोच व्हिडिओ वेगवेगळा पाठवतो. हजार जणांना हजार प्रती. एकदाच सोडायची सोय फोर-जीच्या मानकांत कधीपासून आहे. गणितही जुनं आहे: थॉमस कव्हर यांनी १९७२ मध्ये दाखवलं की एकाच सिग्नलमध्ये दोन थर रचता येतात. लांबच्याला खालचा थर, साधं चित्र. जवळच्याला दोन्ही थर, स्वच्छ चित्र. सोय आहे, वापरात मात्र जवळपास नाही.

सातरस्ता | बुध, दुपारी २:३८

कारण प्रत्येक प्रतीचा डेटा वेगळा मोजता येतो 😏

सिग्नलवाला | बुध, रात्री ८:४५

@सातरस्ता, त्यावर नो कॉमेंट.

थर्डइयर_ईएनटीसी | बुध, रात्री ९:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली). लॉगबेसदोन सर, सिग्नलवाला दादा, यावर मिनी प्रोजेक्ट होईल का? यात्रेच्या आधी आणि यात्रेत मैदानावर फिरून रीडिंग घ्यायचा विचार आहे.

सिग्नलवाला | बुध, रात्री १०:०५

होईल की. फुकट ॲप मिळतात. दांड्या बघू नका, दोन आकडे लिहा: आरएसआरपी आणि एसआयएनआर. पहिला टॉवरचा जोर, दुसरा अनघाताईंचा तो भागाकार. मोकळ्या दिवशी आणि यात्रेत पहिला साधारण तोच येईल, दुसरा पडेल. आरएसआरपी उणे ८० च्या आसपास, म्हणजे मस्त, आणि एसआयएनआर शून्य डेसिबलच्या खाली, म्हणजे भागाकार १ पेक्षा कमी, अशी जागा सापडली की तोच तुमच्या रिपोर्टचा पहिला आलेख. सोबत मेसेज पाठवल्याची आणि पोचल्याची वेळ लिहा.

बाळीवेसकर | बुध, रात्री १०:५०

पुतण्याला धागा वाचायला दिला. "बघा, मी म्हणत होतो," म्हणाला. मी म्हटलं, तू शॅनन म्हणाला होतास, अलोहा नव्हतं म्हणालास.

माझं मत मात्र तिथेच आहे, जरा नेमकं करून सांगतो. हवेला मर्यादा आहे, मान्य. पण संक्रांत कधी आहे, नंदीध्वज कुठून कुठे जाणार, मैदान केवढं, हे सगळं कंपनीला वर्षभर आधी माहीत असतं. पूर सांगून येत नाही, गड्डा येतो. मग तेवढ्या दिवसांपुरती सोय करायला कोणता निसर्गनियम आडवा येतो?

सिग्नलवाला | बुध, रात्री ११:२०

काका, येत नाही, आणि थोडीफार करतात. चाकांवरचा तात्पुरता टॉवर आणून ठेवतात, अँटेना खाली वाकवतात म्हणजे लांबच्या सेलला त्रास कमी. खरा उपाय मैदानाचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येकाला छोटा, कमी पॉवरचा सेल देणं. तोच पट्टा दहा ठिकाणी पुन्हा वापरता येतो. पण दहा खांब, दहा वीजजोडण्या, दहा फायबर, परवानग्या, आणि चार दिवसांनी सगळं काढायचं. ते होत नाही ते पैशामुळेच. तिथे तुमचं बरोबर.

तोवर आपल्या हातातलं: फोटोंचा आपोआप बॅकअप बंद ठेवा, व्हिडिओ घरी जाऊन चढवा. एसएमएस छोटा असतो, त्यातल्या त्यात जातो, पण परवानगीच्या रांगेत त्यालाही उभं राहावंच लागतं. आणि मेसेज अडकला म्हणून परत परत दाबू नका, धडका वाढतात.

सुनंदा_रेल्वेलाइन्स | गुरु, सकाळी ७:१०

आमचं ठरलं. चुकामूक झाली की पार्क चौकात भेटायचं, साडेनऊला. फोन काढायचाच नाही.

थर्डइयर_ईएनटीसी | गुरु, सकाळी ९:२५

सिग्नलवाला दादा, एक शेवटचं. फोन मधेच फाइव्ह-जीवर उडी मारतो आणि रीडिंग बदलतात. काय करू?

सिग्नलवाला | गुरु, सकाळी ९:४०

सेटिंगमध्ये फोर-जी ठेवा, आणि ॲपमध्ये सेल आयडी दिसतो तो प्रत्येक रीडिंगसमोर लिहा. तो बदलला की ते रीडिंग वेगळ्या रकान्यात. पॉवर बँक न्या.